चक्कर येऊन पडणाऱ्या बायका: मूर्च्छेचा थोडा इतिहास



गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट आहे. सातवा दिवस, उत्तम तप धर्माचा. मंदिरात अभिषेक होऊन पूजा सुरू होती. गर्दी दाटलेली, पंखा एका कोपऱ्यात. माझ्या मोठ्या जाऊबाई पर्वभर एकाशन करत होत्या आणि त्या दिवशी त्यांचा कडक उपवास होता. अर्घ्य चढवायला उभ्या असताना त्यांच्या हातातलं ताट थरथरलं, कपाळावर घाम आला, चेहरा पांढरा पडला आणि बघता बघता त्या खाली कोसळल्या.

मग जे होतं तेच झालं. कुणी म्हणालं पित्त झालं, कुणी म्हणालं नजर लागली. एक आजी म्हणाल्या, "तपाचा दिवस आहे, शरीर परीक्षा घेणारच." बाहेरून एक जण ओरडला, "कांदा हुंगवा!" आता आमच्या घरात काय आणि मंदिराच्या आसपासच्या चार घरांत काय, कांदा सापडणार कुठून? तो शोधायला एक मुलगा धावला, पण तो परत यायच्या आत जाऊबाई डोळे उघडून विचारत होत्या, "पूजा कुठपर्यंत आली?"

त्या दिवशी आम्ही सगळ्या हसलो. पण पुढच्या दोन आठवड्यांत जे कळलं, त्यानंतर हसू राहिलं नाही. ते शेवटी सांगते. आधी इतिहासात जरा मागे जाऊ. चक्कर येऊन पडणं ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे, आणि तिची खरी कारणं शोधण्याच्या कामात आपल्या मुंबईच्या गरीब बायकांचा फार मोठा वाटा आहे. तो आपल्याला कुणी शिकवलेला नाही.

वैद्यांनी काय पाहिलं होतं

आपल्याकडे या गोष्टीला जुना शब्द आहे, मूर्च्छा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास असे तीन प्रकार सांगितले आहेत. इथला संन्यास म्हणजे घर सोडणं नव्हे, खोल बेशुद्धी. चरकांचं म्हणणं असं की मद आणि मूर्च्छा यांचा वेग ओसरला की माणूस आपोआप शुद्धीवर येतो, पण संन्यासातला रोगी उपचारांशिवाय उठत नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं, कारण आजचे डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतात: "किती वेळात शुद्ध आली? आपोआप आली का?"

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूर्च्छेचे सहा प्रकार आहेत. वात, पित्त, कफ यांच्यामुळे होणारे तीन, मद्यामुळे एक, विषामुळे एक, आणि एक रक्तामुळे. रक्ताच्या वासानेसुद्धा काही माणसं मूर्च्छित होतात, हे त्या काळच्या वैद्यांनी टिपून ठेवलं होतं. इंजेक्शनची सुई पाहून खाली बसणारा एखादा भाचा किंवा पुतण्या प्रत्येक घरात असतोच. त्याला भित्रा म्हणू नका. त्याची नोंद फार पूर्वीच झालेली आहे.

उपाय म्हणून थंड पाणी शिंपडणं, वारा घालणं, थंड लेप लावणं हे सांगितलं आहे. आपल्या आज्या हेच करत आल्या.

शरीरात नेमकं काय होतं

मूर्च्छा म्हणजे थोड्या वेळासाठी मेंदूला रक्त कमी पडणं. मेंदू वरच्या बाजूला आहे आणि रक्त त्याच्यापर्यंत हृदयाला वर चढवावं लागतं. काही सेकंद जरी तो पुरवठा तुटला तरी डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत आवाज घुमतो आणि माणूस पडतो. आडवं पडलं की डोकं आणि हृदय एका पातळीवर येतात, रक्त पोहोचतं आणि शुद्ध येते. म्हणजे पडणं हाच एक प्रकारे शरीराचा स्वतःचा उपाय आहे. आणि म्हणूनच पडलेल्या बाईला खांद्याला धरून उठवून बसवणं हे आपण करतो त्यातलं सगळ्यात चुकीचं काम.

सगळ्यात जास्त आढळणारी घेरी ही मज्जातंतूंच्या गोंधळाची असते. फार वेळ उभं राहणं, गर्दी, उकाडा, भीती, वेदना, रक्त दिसणं अशा वेळी रक्तवाहिन्या अचानक सैलावतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. रक्त पायांकडे साचतं. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १९०७ मध्ये काही झटक्यांसाठी 'वेसोव्हेगल' हा शब्द वापरला आणि १९३२ मध्ये थॉमस लुईस यांनी तो अशा घेरीला लावला. आजही डॉक्टरांच्या कागदावर तोच शब्द दिसतो.

दुसरं कारण हृदयाचं. डब्लिनचे रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांची नाडी फार मंद होती आणि जे वारंवार बेशुद्ध पडत. तोपर्यंत अशा माणसांचा दोष मेंदूतच शोधला जाई. या रोग्यांसाठी खरा उपाय निघायला आणखी शंभर वर्षं लागली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. त्याला त्या काळात दिवसातून अनेकदा झटके येत. नंतर कित्येक पेसमेकर बदलत तो २००१ पर्यंत जगला.

तिसरं कारण रक्तच कमी असणं किंवा पातळ होणं. नुसत्या अशक्तपणाने बाई धाडकन पडतेच असं नाही, पण रक्त आधीच कमी असेल तर थोडं उभं राहणं, थोडी उपासमार, थोडं ऊन एवढंही पुरतं. आपल्या बायकांचं खरं दुखणं इथं आहे, आणि इथंच मुंबईची गोष्ट सुरू होते.

परळ, १९२८

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गरोदर बायका मोठ्या संख्येने मरत होत्या. त्यातल्या अनेकींना एक विचित्र आजार होई. चेहरा पांढराफटक, धाप लागणं, पाय सुजणं, उठताच चक्कर. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. बाळंतपण जवळ येई तसा आजार वाढे, आणि कित्येक जणी बाळंत होताना किंवा त्यानंतर दगावत.

मार्गारेट बाल्फोर नावाच्या स्कॉटिश डॉक्टर त्या काळात हिंदुस्थानात अनेक वर्षं बायकांसाठी काम करत होत्या. परदा पाळणाऱ्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत, म्हणून स्त्री डॉक्टरांची गरज होती. माता का मरतात याचा शोध घ्यायचं काम निघालं तेव्हा बाल्फोर यांनी इंग्लंडहून एका संशोधक बाईंना बोलावून घेतलं. त्यांचं नाव ल्यूसी विल्स. जन्म १८८८ चा. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमधून १९२० मध्ये डॉक्टर झालेल्या. दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळेची ओढ होती.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. परळ म्हणजे गिरणगाव. त्यांच्या रुग्ण बायका या गिरण्यांत काम करणाऱ्या किंवा गिरणी कामगारांच्या घरच्या. विल्स बाईंनी काय केलं? त्यांनी नुसतं रक्त तपासलं नाही. या बायका काय खातात, ते पाहिलं. निरनिराळ्या थरांतल्या बायकांच्या जेवणाची आणि आजाराची सांगड घातली. जिचं ताट जितकं रिकामं, तिला हा आजार तितका जास्त. सर्वात गरीब मुसलमान बायकांत तो विशेष दिसत होता.

मैत्रिणींनो, आपल्याला ही गोष्ट साधी वाटते. पण त्या वेळी साधी नव्हती. बाई अशक्त आहे कारण तिची जातच नाजूक, हवा गरम, लग्न लवकर झालेलं, अशी उत्तरं लोकांकडे तयार होती. कुणीतरी तिच्या ताटात डोकावून पाहणं हे नवीन होतं.

माकडाची आणि खमिराची गोष्ट

तेव्हा अमेरिकेत रक्ताच्या एका दुसऱ्या जीवघेण्या आजारावर उपाय सापडला होता. जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवलं की रोज भरपूर यकृत खाल्लं तर रोगी वाचतो. त्यांना आणि जॉर्ज व्हिपल यांना १९३४ मध्ये नोबेल मिळालं. साहजिकच मुंबईच्या बायकांनाही यकृताचे अर्क देऊन पाहिले गेले. पण गंमत अशी की जो शुद्ध केलेला अर्क त्या दुसऱ्या आजारावर चाले, तो या गरोदर बायकांवर चालेना. म्हणजे हा आजार वेगळा होता आणि शरीरात कमी पडलेला पदार्थही वेगळा.

विल्स बाईंनी उंदरांना आणि मग माकडांना गरीब बायकांसारखंच निकृष्ट अन्न दिलं. प्राण्यांचं रक्त कमी झालं. त्यातल्या एका माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या खमिराचा, म्हणजे यीस्टचा, काळा घट्ट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. स्वस्त वस्तू. ते माकड झपाट्याने सुधारलं. मग तोच अर्क आजारी बायकांना दिला, आणि त्यांचंही रक्त वाढू लागलं. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

खमिरात नेमकं काय होतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कित्येक वर्षं त्याला 'विल्स फॅक्टर' असंच म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला. पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव ठेवलं फॉलिक ॲसिड. तोच विल्स बाईंचा पदार्थ निघाला.

तो कारखान्यात बनवण्याचं काम ज्या चमूने केलं, त्याचे प्रमुख कोण होते माहीत आहे? आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन करणारे. तरुणपणी त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या आजाराने गेले होते. त्यात आतड्यांना अन्नातलं सत्त्व शोषता येत नाही आणि रक्त कमी होतं. ज्या सत्त्वाअभावी असे रोगी खंगत, ते बाटलीत भरणाऱ्यांत पुढे हेच सुब्बाराव होते. १९४५ मध्ये हे काम जाहीर झालं. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले.

आज गरोदर सुनेला आशाताई जी लाल गोळी देतात, तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असतं. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की गर्भ राहण्याआधीपासून ते घेतलं तर बाळाच्या मणक्यातले जन्मजात दोष फार मोठ्या प्रमाणात टळतात. भारत सरकारने १९७० पासून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटायचा कार्यक्रम सुरू केला. ती गोळी फडताळात पडून राहते, "उलटी होते" म्हणून खिडकीतून फेकली जाते. पण तिच्यामागे परळच्या कितीतरी बायकांचं रक्त आहे. अगदी शब्दशः.

आपल्या बीडच्या बायका

आता घराजवळ येऊ. दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे आपण सगळ्या लहानपणापासून पाहतो. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरची किराणा दुकानं, कापड दुकानं त्यांच्याच उधारी-वसुलीवर चालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. एक दिवस काम बुडलं की खाडा, म्हणजे दंड. पहाटे अंधारात उठायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, खोपटात राहायचं, आडोसा नाही, पाणी नाही. पाळी आली तरी सुट्टी नाही.

२०१९ मध्ये या बायकांची बातमी देशभर गेली. सरकारने विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

त्यांतल्या कित्येक जणी अजून पस्तिशीही न गाठलेल्या. तक्रार काय असायची? अंगावरून जास्त जाणं, पांढरं जाणं, पोटात दुखणं, कंबर धरणं, चक्कर. यातल्या बऱ्याच गोष्टी औषधांनी बऱ्या होण्यासारख्या. पण खाडा परवडत नाही, पाळीचं झंझट नको, आणि "पुढे कॅन्सर होईल" ही भीती. मग उचलीत आणखी कर्ज काढून पिशवी काढायची आणि पुन्हा फडात उभं राहायचं.

मला यातली सर्वात टोचणारी गोष्ट ही वाटते की विल्स बाईंनी शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला, तो इथं किती जणींना कुणी विचारला असेल? "बाई, तू खातेस काय? तुझ्या अंगात रक्त किती आहे?" ज्या बाईला फडात चक्कर येते, तिचं हिमोग्लोबिन आधी पाहायला नको का? २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायचं सोडून वाढला.

आणि हा आकडा फक्त फडातल्या बायकांचा नाही. त्यात आपणही आहोत.

आपलं ताट

आपण जैन बायका. मांस-अंडी तर नाहीच, कंदमुळं नाहीत. बऱ्याच जणी चातुर्मासात पालेभाजीही सोडतात. फॉलिक ॲसिडचा शोध पालेभाजीतूनच लागला, हे वाचल्यावर मी थोडी विचारात पडले. पण घाबरायचं कारण नाही. मूग, हरभरा, मटकी, चवळी, तूर या डाळी-कडधान्यांतही ते चांगलं असतं, आणि लोहसुद्धा मिळतं. चातुर्मासात भाजी सुटली तर कडधान्य वाढवायला हवं. वरणावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी.

खरा प्रश्न बी-१२ या जीवनसत्त्वाचा आहे. मायनॉट-मर्फी यांच्या यकृतातला पदार्थ तो हाच. १९४८ मध्ये तो वेगळा केला गेला आणि नंतर डोरोथी हॉजकिन या शास्त्रज्ञ बाईंनी त्याची रचना उलगडली. तो भाजीत नाही, डाळीत नाही, धान्यात नाही. आपल्यासाठी तो फक्त दूध, दही, ताक, पनीर यांत. आणि घरात दूध कुणाला मिळतं? आधी मुलांना, मग सासऱ्यांना, मग नवऱ्याला, उरलं तर चहाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मातांच्या जेवणात हिरव्या भाज्या, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं जन्मताना जास्त चांगल्या वाढीची होती. खर्चाच्या दृष्टीने फार मोठ्या गोष्टी नाहीत या.

एक सावधगिरी. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, तोल जाणं ही त्याची चिन्हं. म्हणून मनाने गोळ्या न घेता तपासून घ्यावं. बी-१२ ची गोळी जिवाणूंच्या मदतीने बनते, यकृतापासून नाही. कॅप्सूलचं वेष्टन मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून दुकानदाराकडे साधी गोळी मागावी.

जाऊबाईंचं काय झालं

पर्व संपल्यावर मी जाऊबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. पहिल्या ठिकाणी त्यांनी संकोचून सांगितलं की दीड वर्षापासून पाळीत फार जातं, आठ-आठ दिवस. मला, जी त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात वावरते, मला हे माहीत नव्हतं! पर्वात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही त्यांनी दुकानातून आणून घेतल्या होत्या. समोरच्या डॉक्टरांनी रक्त न तपासता सांगितलं, "वय झालंच आहे, पिशवी काढून टाका."

मला बीडच्या त्या बातम्या आठवल्या. आम्ही उठलो आणि दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी रक्त आणि सोनोग्राफी सांगितली. हिमोग्लोबिन ६.८ आलं. बाईला किमान १२ हवं. बी-१२ सुद्धा तळाला. त्या म्हणाल्या, "या पडल्या याचं नवल नाही. इतके दिवस उभ्या कशा राहिल्या याचं नवल आहे." लोहाची इंजेक्शनं, बी-१२, आणि पाळीसाठी औषध. चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. पिशवी जागेवर आहे. कधी कधी ती काढावी लागते, ते खरं. पण तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

मी त्यांना विचारलं, "ताई, दीड वर्ष का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे चालायचंच. त्यात सांगण्यासारखं काय?"

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेलं आहे. परळच्या बायकाही हेच म्हणत असतील.

मंदिरात कुणी पडलं तर

आडवं झोपवा. पाय उशीवर किंवा पाटावर उंच ठेवा. गर्दी हटवा, पदर-ब्लाउज सैल करा, वारा घाला. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर वळवा. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कांदा शोधायला कुणाला पाठवू नका. शुद्ध आल्यावर लगेच उभं करू नका.

मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखलं, धडधड झाली, चालताना किंवा काम करताना पडली, झोपलेली असताना बेशुद्ध झाली, डोक्याला मार लागला, बोलणं अडखळलं, गरोदर आहे किंवा अंगावरून फार जातंय, शौचाला काळं होतंय, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे, यातलं काहीही असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि साधी घेरी वाटली तरी एकदा हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या.

चक्कर येतेय असं वाटलं तर लाजू नका, खाली बसा, जमलं तर आडव्या व्हा. पूजा थांबत नाही.

बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. पोटात अन्न नसताना त्याच गोळ्या जास्त उतरवतात. आपल्या सोळाकारण भावनांत त्याग आणि तप ही दोन्ही सांगताना "शक्तीप्रमाणे" ही अट घातलेली आहे, हे आपण पर्वात दरवर्षी ऐकतो. शक्ती किती आहे हे कळायला आता एका छोट्या बाटलीभर रक्ताची तपासणी पुरते. ती करून घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

यंदा जाऊबाईंनी पर्वाआधी महिनाभर रक्त तपासून घेतलं. कडक उपवास नाही, एकाशन करायचं ठरवलं आहे, आणि त्यात वाटीभर दही असेल. ते दही त्या खातात की मुलांना वाढतात, यावर मी लक्ष ठेवून आहे.

तुमच्या घरातही कुणीतरी "चालायचंच" म्हणत असेल. तिला आज विचारा.

जय जिनेंद्र.